बारा हातांचं एक पान

तात्यांनी गवताचा भारा गुडघ्याखाली दाबला, कमरेच्या आकडीतला कोयता काढला आणि गडग्यावरून कुड्याच्या झाडावर चढलेला एक वेल जमिनीपासून वीतभर वर छाटला. दोन हिसक्यांत तो खाली ओढला, त्याची पानं ओरबाडून टाकली आणि उरलेल्या तारेसारख्या दोराचे दोन वेढे भाऱ्याभोवती घालून गाठ मारली. सगळं मिळून मिनिटभराचं काम.

“तात्या, तुम्ही आत्ता एक पान कापलंत,” शेजारी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या.

“पान? बारा हातांचा वेल आहे हा, बाई.”

“बारा हातांचं पान आहे ते. एकच पान.”

सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढू लागण्याआधी एका वाडीमागे काजूची बाग संपते आणि देवराई सुरू होते. तिथल्या गडग्याजवळ, गणेशचतुर्थी तोंडावर आलेली असताना सुरू झालेलं हे बोलणं दुपार कलेपर्यंत चाललं. तात्या सत्तरी ओलांडलेले शेतकरी. पाय मुरगळला, अंगावर खाज उठली की वाडीतली माणसं अजून त्यांच्याकडे येतात. बाईंची सगळी नोकरी महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवण्यात गेली, आणि निवृत्तीनंतरही गळ्यातलं भिंग उतरलेलं नाही. घरात तात्या मालवणी बोलतात, बाईंशी बोलताना मात्र शाळेतल्या मराठीकडे वळतात. वेलाचं नाव विचारल्यावर तेवढी मालवणी बाहेर आली. “नाव कित्याक व्हया? काम करता मां, झाला!”

वादाला तोंड तिथेच फुटलं. बाईंच्या मते ज्याला नाव नाही ते माणसाच्या लक्षात राहत नाही, आणि लक्षात नाही ते रानातून कधी गेलं हेही कळत नाही. नेच्यांपैकी हंसराजाला नाव आहे, फणसाच्या खोडाला बिलगणाऱ्या बाशिंगाला आहे, कातळाच्या भेगेतल्या मयूरशिखेला आहे. ती औषधांत, सणांत, बोलण्यात आली. हा वेलही नेचाच, पण तो ‘भारा बांधायचा वेल’ एवढ्यावरच राहिला. शास्त्राच्या पुस्तकात त्याला लायगोडियम फ्लेक्झुओसम म्हणतात. पहिल्या शब्दाचं मूळ ग्रीक आहे आणि अर्थ लवचीक. दुसरा लॅटिन, त्याचा अर्थ वळणावळणाचा.

“म्हणजे साहेबांनीही तेच पाहिलं, जे मी पाहतो. वळतो आणि तुटत नाही,” तात्या म्हणाले.

बाईंना हे मान्य करावं लागलं. पण त्यांचा मुद्दा पुढचा होता. त्यांनी छाटलेल्या बुंध्याशी बसून ओली माती बोटांनी बाजूला केली. खाली काळपट केसांनी झाकलेलं एक आडवं खोड दिसलं. या नेच्याचं खोड ते एवढंच. ते कधी वर येत नाही आणि झाडावर चढत नाही. त्यातून पानं वर येतात. साधं पान ठरावीक लांबीला पोचलं की थांबतं. या नेच्याच्या पानाचं टोक मात्र उलगडतच राहतं, आणि पानाचा मधला कणा आधार शोधत, स्वतःभोवती आणि झाडाभोवती वळत कित्येक मीटर वर जातो. आपल्याला ज्या वेलाच्या फांद्या वाटतात त्या त्या कण्यावरच्या पर्णिका. कण्यापासून एक अगदी आखूड दांडी निघते, काही मिलिमीटरची. तिच्या टोकाशी लव असलेली एक निजलेली कळी असते आणि कळीच्या दोन बाजूंना पर्णिकांची एकेक जोडी फुटते. वरचं टोक गुराने खाल्लं किंवा वाऱ्याने मोडलं की या निजलेल्या कळ्यांपैकी एखादी जागी होते आणि पान पुन्हा वाढू लागतं.

तात्यांनी ती कळी नखाने चाचपली. पन्नास वर्षं हा वेल हाताळूनही ती त्यांच्या नजरेत भरली नव्हती. दोराला ती अडचणच, पानांबरोबर ओरबाडून निघायची.

मात्र बाईंच्याही शास्त्राची एक लंगडी बाजू तिथेच उघडी पडली. वनस्पतीसंग्रहात नमुना ज्या कागदावर चिकटवतात तो साधारण ४२ सेंटिमीटर लांब आणि २८ सेंटिमीटर रुंद. त्यावर बारा हातांचं पान मावणार कसं? गोळा करणारा वीतभर तुकडा कापतो, दाबून वाळवतो आणि चिकटवतो. वर्षानुवर्षं विद्यार्थी तो तुकडा पाहून परीक्षेत नेच्याचं नाव बरोबर लिहितात आणि रानात त्याच नेच्याखालून न ओळखता निघून जातात. बाईंनी हे स्वतःच सांगितलं आणि हेही सांगितलं की पहिल्यांदा त्यांना हा नेचा पुऱ्या लांबीचा दिसला तो एका गवताच्या भाऱ्याभोवती.

ओळखायचा कसा, यावर मग दोघांनी आपापली रीत मांडली. तात्यांची रीत हाताची. राईच्या आत, दाट सावलीत तो शोधू नये. तो कडेला असतो, जिथे उजेड येतो तिथे, बागेच्या गडग्यावर, पायवाटेच्या बाजूच्या झुडपांवर. कणा बोटांत फिरवला की गोल, गुळगुळीत आणि तारेसारखा लागतो. घोटवेल हाताला काटा लावते आणि तणाव्यांनी झाडाला धरते, करांद्याचा वेल खाली कंद धरतो. याला काटा नाही, तणावा नाही, कंद नाही. फूल तर तात्यांनी जन्मात पाहिलेलं नाही.

“पाहणारही नाही,” बाई म्हणाल्या, “कारण नेच्याला फूल येत नाही.” त्यांची रीत डोळ्यांची. शेंड्याजवळची कोवळी पर्णिका मुठीसारखी गुंडाळलेली आहे का, हे पाहायचं. मग पर्णिका उजेडासमोर धरून शिरा पाहायच्या. करांद्याच्या पानात शिरांची जाळी असते, इथे त्या फाटे फोडत सुट्या कडेपर्यंत जातात. सगळ्यांत पक्की खूण असते ती पर्णिकेच्या कडेला. पावसाळा सरत आला की वरच्या पर्णिकांना बारीक बोटांची झालर लागते. भिंगाखाली प्रत्येक बोटावर खवल्यांसारख्या झाकणांच्या दोन रांगा दिसतात आणि एकेका झाकणाआड एकेक बीजाणुधानी. नेच्याचं सारं भविष्य त्या झालरीत असतं.

फसवणारी एक गोष्ट दोघांनाही ठाऊक होती. कोवळ्या रोपाची खालची पानं पंजासारखी फाटलेली असतात, वरची लांबट. नवखा माणूस त्यांना दोन वेगळ्या वनस्पती समजतो. शिवाय झाडावर दिसतो तो प्रत्येक नेचा या घराण्यातला नसतो. बाशिंगाचं खोड झाडाच्या सालीवर सरपटतं आणि त्याची तपकिरी, ओकच्या पानासारखी आखूड पानं पाणी आणि कुजका पाचोळा धरून ठेवतात. दक्षिणेकडच्या पाणथळ रानात स्टेनोक्लिना पॅलुस्ट्रिस नावाचा नेचा उंच चढतो. त्याचं कोवळं पान तांबूस असतं आणि त्यात चढतं ते खरोखरच खोड. आपल्याकडे पान चढवणारा नेचा तो लायगोडियमच.

इथवर दोघांत फारसा दुरावा नव्हता. तो आला औषधाच्या गोष्टीत.

तात्या या नेच्याचं मूळ ठेचून, तेलात कढवून मुरगळलेल्या घोट्यावर लावतात. त्यांच्या वडिलांनी लावलं, त्यांनी लावलं. बाईंनी ते झटकून टाकलं नाही. भारतीय औषधी वनस्पतींच्या ग्रंथांत याच्याशी जुळणारी नोंद आहे. ताजी मुळं मोहरीच्या तेलात उकळून संधिवात, मुरगळ, खरूज, इसब आणि जखमा यांवर बाहेरून लावतात. तेल तेवढं मुलखाप्रमाणे बदलतं. तिरुवनंतपुरमच्या राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २००६ मध्ये या नेच्याच्या अर्काचा प्रयोग यकृताला मुद्दाम इजा केलेल्या उंदरांवर केला आणि अर्काने यकृत सावरायला मदत होते असं नोंदवलं.

“मग झालं तर,” तात्या म्हणाले.

“नाही झालं. उंदरावरून माणसावर जायला मधे बरीच वाट असते. आणि हे वाचून उद्या कुणी काविळीवर याचा काढा प्यायला लागला तर?”

ही भीती हवेतली नव्हती. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सगळ्यांनी करोनाच्या धास्तीने गुळवेल घेतलेली होती. २०२१ मध्ये तो अहवाल छापून आला तेव्हा आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की त्या रुग्णांच्या पोटात गेलेली वेल खरी गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया होती, की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, हे तपासलेलंच नाही. दोष गुळवेलीचा की चुकीच्या वेलीचा, हा वाद डॉक्टर आणि वैद्य यांच्यात पुढेही चालला. पण वाद ज्या प्रश्नापाशी येऊन अडला तो प्रश्न एकच होता: वेल ओळखली होती कुणी?

बाईंनी आणखी एक धागा जोडला. चीनच्या पारंपरिक औषधात ‘हाय जिन शा’ नावाची पिवळसर पूड मूत्रविकारांवर देतात. नावाचा शब्दशः अर्थ समुद्राची सोनेरी वाळू. ती पूड म्हणजे लायगोडियम जॅपोनिकम या नेच्याचे बीजाणू. तो आपल्या वेलाचा भाऊ आहे, तोच नव्हे. कुळ एक आहे म्हणून गुण एक मानले तर उद्या सिंधुदुर्गातला नेचा चीनमधल्या नेच्याच्या नावावर विकला जाईल.

तात्यांचं उत्तर शेवळाच्या भाजीतून आलं. ठाणे-रायगडकडे पावसाच्या सुरुवातीला शेवळं निघतात. नुसती शिजवून खाल्ली तर घसा खाजून बेजार होतो. म्हणून बायका त्यांत काकडाची आंबट फळं घालतात. हे कुणी प्रयोगशाळेत शोधलं नाही. परंपरा म्हणजे नुसतं ‘हे खा, ते लावा’ नसतं. काय, किती, कधी आणि कशाबरोबर हेही तिच्यातच असतं. “मी मूळ प्यायला देतो असं कुणी सांगितलं तुम्हाला? मी लावतो. बाहेरून. आणि पोरवयाच्या बाईला, पोटुशीला तेही देत नाही.”

बाई यावर थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तात्या, तुमच्या हातात ते ठीक आहे. बाटलीत गेलं की तुमचा हात राहत नाही, नुसतं मूळ राहतं.”

औषधाच्या बाबतीत बाईंची बाजूच उचलून धरावी लागेल. तात्यांचं ज्ञान खोटं म्हणून नव्हे. ते तात्यांपासून वेगळं काढता येत नाही, म्हणून. लावायचं की प्यायचं, कुणाला द्यायचं नाही, हे सांगणारा माणूस जवळ नसेल तर नुसतं मूळ हे अर्धंच औषध.

एके काळी मात्र ही दोन्ही ज्ञानं एकाच पानावर बसली होती. मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने ‘होर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात झाडांची हुबेहूब चित्रं आहेत, स्थानिक नावं आहेत आणि उपयोगही आहेत. ते सांगणारा मुख्य माणूस होता इट्टी अच्युदन नावाचा मल्याळी वैद्य. त्याच्या जोडीला तीन कोकणी वैद्य होते: रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्या तिघांनी १६७५ साली कोकणीत, नागरी लिपीत लिहून दिलेलं निवेदन पहिल्या खंडात छापलेलं आहे. गोव्याकडून कोचीला गेलेल्या कोकणी समाजाचे ते वैद्य. त्यांची भाषा तात्यांच्या मालवणीची शेजारीण.

शेवटच्या, १६९३च्या खंडात आपला हा नेचा येतो. नाव ‘वल्लीपन्ना’, मल्याळमात वेलीसारखा नेचा. स्वीडनच्या लिनिअसने १७५३ मध्ये या नेच्याला शास्त्रीय नाव दिलं ते ऱ्हीडच्या ग्रंथाचा हवाला देऊन. त्याने ठेवलेलं ओफिओग्लॉसम हे प्रजातीचं नाव पुढे बदललं. स्वीडनच्याच ओलोफ स्वार्ट्झने नेच्याला लायगोडियममध्ये नेलं. फ्लेक्झुओसम तेवढं राहिलं. म्हणजे जगभरच्या संग्रहालयांत ज्या नावाने हा नेचा ओळखला जातो, त्याच्या मुळाशी मलबारी रानातला जाणता माणूस आहे.

“मग आमचंच आम्हाला शिकवता होय?” तात्या म्हणाले. बाई हसल्या नाहीत. “होय,” म्हणाल्या, “कारण मधल्या तीनशे वर्षांत आपण ते लिहून ठेवलं नाही.” ब्लॅटर आणि डिआल्मेडा यांनी मुंबईच्या नेच्यांवर १९२२ मध्ये पुस्तक लिहिलं तेही इंग्रजीत.

दोराची गोष्ट निघाली तेव्हा मात्र तात्यांचा चेहरा खुलला. बाई सांगत गेल्या आणि ते ऐकत गेले. बाली बेटावरच्या तेंगानान गावात लायगोडियम सर्किनेटम या नेच्याच्या कण्याच्या टोपल्या विणतात. त्याला तिथे ‘अटा’ म्हणतात. विणलेली टोपली उन्हात वाळवून नारळाच्या सोडणांच्या धुरात ठेवतात, तेव्हा तिला मधासारखा तपकिरी रंग चढतो. फिलिपिन्समध्ये याच घराण्यातल्या नेच्यांना ‘निटो’ म्हणतात आणि त्यांच्या टोप्या, परड्या होतात. न्यूझीलंडच्या उत्तर बेटात ‘मांगेमांगे’ नावाचा लायगोडियम आर्टिक्युलॅटम आहे. माओरी लोकांनी त्याचे ईल मासे धरायचे सापळे विणले, छपराचं गवत त्याने बांधलं, आणि त्याच्या गुंत्यावर रानात अंथरूणही केलं.

“छपराचं गवत आम्हीही वेलाने बांधायचो,” तात्या म्हणाले. “मुरुडशेंगेच्या सालीचा दोर बरा, पण तो सोलायला वेळ लागतो. हा तयार मिळतो.” आता छपरं कौलांची आणि पत्र्याची झाली, भारे नायलॉनच्या दोरीने बांधतात. वाडीत वेल कापणारे ते आणि आणखी एक-दोघे उरलेत. त्यांच्या मते वेल टिकायचा तर तो वापरात हवा. वापरातलं झाड माणूस राखतो.

बाईंनी इथे अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याची गोष्ट काढली. हार्टफर्ड शहराच्या परिसरात लायगोडियम पाल्मॅटम हा देखणा नेचा उगवायचा. लोक तो घरं सजवायला गाड्या भरभरून नेऊ लागले, विकू लागले. अखेर १८६९ मध्ये तिथल्या विधिमंडळाने त्याच्या रक्षणासाठी कायदा केला. रानवनस्पती वाचवण्यासाठी अमेरिकेत झालेल्या पहिल्या काही कायद्यांपैकी तो एक. “सजावटीनेच संपत आला होता, तात्या. गणपतीवर रानफळं टांगतो त्या आपल्या माटोळीचं पाहा. पूर्वी घरचा माणूस रानात जाऊन पाच फळं आणायचा. आता बाजारात ढीग लागतात.”

तात्यांनी मान हलवली, पण हार मानली नाही. त्यांनी विचारलं, जिथे कुणी वापरत नाही तिथे काय होतं? योगायोगाने त्याचंही उत्तर आहे, आणि ते भयंकर आहे. दक्षिण आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या रानांतला लायगोडियम मायक्रोफायलम गेल्या शतकात बागेची शोभा म्हणून फ्लोरिडात गेला. तिथल्या दलदलीच्या रानात त्याने झाडांवर गोधडी घातल्यासारखं आच्छादन केलं. वणवा लागला की आग त्याच्यावरून शिडीसारखी शेंड्यांपर्यंत चढते. पण हे वापर नसल्यामुळे झालं नाही. त्याला खाणारे किडे मागे, मायदेशात राहिले. म्हणून २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातून एक पतंग आणि एक सूक्ष्म कोळी आणून तिथे सोडण्यात आले. आपल्याकडे भारा बांधायचा हा वेल आवरलेला असतो, त्यात तात्यांच्या कोयत्याचा वाटा थोडाच. जास्त वाटा अळ्यांचा, कोळ्यांचा, कोरड्या उन्हाळ्याचा आणि सावलीचा.

उन्हं कलली तेव्हा दोघं पुन्हा त्या छाटलेल्या बुंध्याजवळ आली, आणि लेखकाच्या मते त्या दिवसाचं खरं बोलणं तिथे झालं. बाईंनी विचारलं, “वीतभर वर का कापता? मुळापासून का नाही?”

“मुळापासून कापला तर पुढच्या साली काय बांधू?”

दोरासाठी कापलं जातं ते पान. जमिनीतलं खोड जिवंत राहतं आणि पहिल्या पावसात नवं पान वर काढतं. तात्यांना खोड आणि पान हा फरक शब्दांत ठाऊक नव्हता, पण त्यांचा कोयता तो पाळत होता. औषधासाठी मात्र खणलं जातं ते मूळ, आणि मुळाबरोबर ते आडवं खोडही उपटून येतं. मग मागे काही उरत नाही. घोट्यापुरतं मूळ एका वैद्याने घेतलं तर रानाला कळणारही नाही. व्यापाऱ्याने पोत्याने मागितलं तर दोन हंगामांत गडगा मोकळा होईल. चढतं ते पान, ही बाईंची परीक्षेपुरती वाटणारी गोष्ट तात्यांनी लगेच उचलली, कारण तिच्यातून त्यांच्याच सवयीचं कारण निघत होतं. “म्हणजे मी बरोबर कापत होतो,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “आणि खणत होतो ते चूक.”

“थोडं खणलंत तर चूक नाही. पण दुसऱ्याला दाखवू नका, कुठे खणायचं ते.”

राईच्या आत दोघांपैकी कुणीच गेलं नाही. तिथली काटकीही उचलायची नाही, हा वाडीचा जुना नेम तात्यांनी कधी मोडलेला नाही आणि बाईंनीही नमुन्यासाठी तो मोडायला सांगितला नाही. त्यांनी गडग्याबाहेरच्या वेलाची झालर असलेली एक पर्णिका तेवढी वहीत घातली. शेजारी पानाची पूर्ण लांबी लिहिली, आणि तात्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं: भारा बांधायचा वेल.

२००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायची आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. चतुर्थीला कोकणात किंवा गोव्यात घरी जाणार असाल तर गावच्या त्या नोंदवहीत या नेच्याचं पान आहे का ते विचारा. नसेल तर गडग्यावर तो शोधा, झालर भिंगाखाली पाहा, वाडीतलं जाणतं माणूस त्याला काय म्हणतं ते विचारा आणि त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. मूळ खणू नका.